एकत्र नोंद

विमानतळावर त्यांना सगळे ‘कुलूप’ म्हणायचे, तेही तोंडावर. चौतीस वर्षं त्यांनी गेटवर उभं राहून दार बंद केलं. सुटायच्या वेळेच्या बरोबर दहा मिनिटं आधी. समोरून कुणी धापा टाकत, बूट हातात घेऊन पळत येवो, कडेवर पोर असो, डोळ्यांत पाणी असो, कुलूपसाहेब घड्याळ दाखवायचे आणि हसायचे. त्या हसण्यात वाईट वाटल्याचा लवलेशही नसायचा. या नावाचा त्यांना राग येत नसे, उलट एखादी पदवी मिळाल्यासारखं ते मिरवायचे. निरोपसमारंभात कुणीतरी गंमत म्हणून त्यांना खरंखुरं पितळी कुलूप भेट दिलं, तर साहेबांनी ते दिवाणखान्यात टीव्हीच्या वर मांडून ठेवलं. त्याखाली बसून त्यांची बायको गेली सहा वर्षं भाजी निवडत होती.

आदल्या दिवशी दुपारी भाच्याचा फोन आला तेव्हाही ती तिथेच बसली होती.

“मावशी, आईच्या छातीत पाणी भरलंय. डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस जाईल, उद्याचं सांगता येत नाही. सारखं एकच विचारतेय, धाकटी आली का?”

धाकटी म्हणजे ही. सहा वर्षांची असताना आई गेली, तेव्हा ताई पंधराची होती. वेणी घालणं, प्रगतिपुस्तकावर सही करणं, ताप आला की उशाशी बसणं, सगळं ताईने केलं. स्वतःचं लग्न आठ वर्षं पुढे ढकललं आणि त्याचा शब्दही कधी काढला नाही. आता तीच ताई दोन तासांच्या विमानप्रवासाइतक्या लांब एका खाटेवर वाट बघत होती.

“अहो, मिळेल त्या विमानाचं तिकीट काढा,” ती म्हणाली. “काढा म्हणजे विकत काढा.”

साहेबांनी कॉम्प्युटर उघडला. त्या संध्याकाळचं विमान भरलेलं होतं. सकाळच्या विमानात तीन जागा विकायच्या शिल्लक होत्या. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

“विकत?” साहेब म्हणाले. “मी? चौतीस वर्षं कंपनीत काढून मी तिकीट विकत घेऊ? लोक काय म्हणतील?”

“कुठले लोक? माझी बहीण मरतेय हो!”

“ओरडू नकोस. स्टँडबायवर जाऊ, स्टाफच्या फुकट पासवर. या विमानाला रोज आठ-दहा जण येतच नाहीत, मला विचार. त्यांच्या जागा यादीवरच्यांना मिळतात.”

त्यांनी दोघांची नावं स्टँडबायच्या यादीत टाकली. त्यात एक प्रश्न होता, एकत्र की वेगळे? साहेबांनी ‘एकत्र’वर खूण केली आणि बायकोला समजावून सांगितलं. यादीत नोकरीवरची माणसं सगळ्यांत वर. मग त्यांचे आईबाप. त्यांच्याखाली निवृत्त कर्मचारी. आणि निवृत्ताची बायको एकटीच निघाली असेल तर ती थेट तळाला. नवऱ्याबरोबर एकत्र नोंद केली की ती त्याच्या पायरीवर येते. “बघ, डोकं वापरावं लागतं,” ते म्हणाले.

निवृत्तांना इतकं खाली ढकलण्यात साहेबांचाच हात होता, हे त्यांनी सांगितलं नाही, पण तिला ठाऊक होतं. पूर्वी ज्याची नोकरी जास्त, तो आधी, असा साधा नियम होता. तो बदलायच्या बैठकीत साहेब उठून म्हणाले होते, “रिटायर माणसाला कसली घाई?” सगळे खो-खो हसले आणि नियम बदलला. घरी येऊन ते वाक्य त्यांनी तिला दोनदा ऐकवलं होतं.

संध्याकाळपर्यंत त्या तीन जागा विकल्या गेल्या.

सकाळी साडेसहाला दोघं गेटसमोरच्या खुर्च्यांवर बसली. साहेबांनी कोट चढवला होता, टाय लावला होता. स्टाफच्या पासवर जाणाऱ्याने टापटीप असावं, हाही नियमच. तिच्या पर्समध्ये एक लाकडी फणी होती. ताईचे केस एकदा विंचरायचे, एवढंच तिच्या मनात होतं. बाकी काही बोलायला जमेल असं तिला वाटत नव्हतं.

गेटवरच्या मुलीला साहेबांनीच ट्रेनिंग दिलेलं. तिने उठून नमस्कार केला. पडद्यावर यादी होती, चौदा नावं. साहेबांचं नववं, तिचं दहावं.

“सर, मॅडमची बहीण फार आजारी आहे ना? कळलं मला,” ती मुलगी हळूच म्हणाली. “आजारपणाला वरचा नंबर देता येत नाही हो. दुःखद घटना झाली असेल तरच...” आणि मध्येच थांबली.

“बरोबर,” साहेब म्हणाले. “नाहीतर उठसूट सगळेच आजारी पडतील.”

जागा मोकळ्या होत गेल्या आणि नावं पुकारली गेली. पहिला गेला तो सहा महिन्यांपूर्वी लागलेला पोरगा, मित्राच्या पार्टीला चाललेला. मग सुट्टीवरची एक हवाईसुंदरी. मग कुणाचे तरी आईबाप, गुडघेदुखीवर चर्चा करत, अगदी सावकाश. आठ गेले. मुलीने पडद्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

“सर, एकच जागा आहे.”

ती उठलीच. पर्स खांद्याला लावून काउंटरपर्यंत पोचलीसुद्धा. “मी जाते.”

मुलीने मान खाली घातली. “मॅडम, एकत्र नोंद असली की आधी कर्मचाऱ्याचं नाव लागतं. सर गेले नाहीत तर दोघांचीही नावं निघतात आणि जागा अकराव्या नंबरला जाते.”

“शाब्बास,” साहेब म्हणाले. “नीट शिकलीस.”

“अहो, शाब्बास काय? सांगा ना तिला काहीतरी!”

मुलीने आवाज आणखी खाली आणला. “सर, तुम्ही म्हणत असाल तर मी ड्युटी मॅनेजरना फोन लावते. तुमचं नाव आहे इथे. तुमच्या जागी मॅडमना सोडतील ते, मला वाटतं.”

ती नवऱ्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. मागून मिळत नाही हे लवकरच कळलं होतं. पण आता तिने मागितलं. सगळ्यांसमोर त्यांची बाही धरली आणि म्हणाली, “तुमच्या पाया पडते. एक फोन करू द्या तिला.”

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. यादीतले उरलेले चौघं बघत होते. त्यांनी बाही सोडवून घेतली.

“चौतीस वर्षांत मी कुणासाठी असला फोन केला नाही. आता बायकोसाठी करू? उद्या सगळा विमानतळ बोलेल.” मग जरा मऊ आवाजात म्हणाले, “हे बघ, जागा वाया घालवण्यापेक्षा कुणीतरी एक पोचलेलं बरं. मी जातो, ताईंना सांगतो तू येतेयस. तू संध्याकाळच्या विमानाने ये.”

“मग ही फणी तरी न्या. तिचे केस...”

“अगं, फणी काय घेऊन बसलीस! वेळ बघ.”

आणि ते गेले. ज्या बाईला ते लग्नापासून ‘तुझी ती रडकी ताई’ म्हणत आले, तिच्या उशाशी बसायला गेले. दारातून वळून त्यांनी हातसुद्धा हलवला.

ती काचेपाशी उभी राहिली. विमान समोरच होतं. पाच मिनिटं गेली, सात गेली, विमानाचं दार उघडंच होतं. मग ते बंद झालं आणि विमान मागे सरकलं.

दिवसभर ती त्याच खुर्चीवर बसून होती. संध्याकाळच्या विमानाचीही तिकिटं संपली होती, म्हणून मुलीने तिचं नाव त्याच्या यादीत घातलं. निवृत्ताची बायको, एकटी, सतरावी. सतरापैकी सतरावी. मुलीने चहा आणून दिला, तो तसाच निवला. साडेबाराला फोन वाजला.

“पोचलो,” साहेब म्हणाले. “ऐक. ताई गेल्या. बाराला पाच कमी होते.”

तिने फोन दोन्ही हातांनी धरला.

“मी होतो ना जवळ. डोळे मिटलेले होते. मी हात हातात घेतला, तर म्हणाल्या, आलीस? आता मी काय बोलणार? हो म्हटलं. आवाजावरून कळलं असावं. हात काढून घेतला त्यांनी. मग काही बोलल्या नाहीत... ऐकतेयस ना?”

“ऐकतेय.”

“उगाच मनाला लावून घेऊ नकोस. माझा प्रवास मात्र छान झाला. बाजूची सीट रिकामी होती, ऐसपैस बसलो. एक जण शेवटच्या क्षणी आलाच नाही. ती एअरहोस्टेस ओळखीची निघाली. मला येऊन विचारते, सर, मॅडम बाहेर उभ्या आहेत, दार उघडं आहे, बोलावू का? मी घड्याळ दाखवलं तिला. सुटायला नऊ मिनिटं! म्हटलं, दहा मिनिटं उरली की यादी बंद होते बाई, मी असा नियम मोडत नाही. बिचारी ओशाळली.” ते हसले. तेच जुनं हसणं. “बरं, आता महत्त्वाचं. गेटवर सांग, दुःखद घटना झाली म्हणून. तुझा नंबर एकदम वर जाईल. बघ, नियमाचा फायदाच होतो.”

तिने फोन ठेवला. बराच वेळ ती पर्समधल्या फणीच्या दात्यांवरून बोट फिरवत बसली. मग तोंडात पदर कोंबून रडली. शेजारचा माणूस आपली बॅग घेऊन दोन खुर्च्या पलीकडे सरकला.

साडेचारला ती काउंटरवर गेली आणि झालेलं सांगितलं. मुलीचे डोळे भरून आले. तिने काही बटणं दाबली आणि सतरावं नाव पहिलं झालं. एवढं सोपं होतं ते.

“ही घ्या मॅडम, खिडकीची जागा आहे.” मुलीने बोर्डिंग पास पुढे केला आणि नाक पुसत पुन्हा पडद्याकडे वळली. “परवाच्या परतीचंही आत्ताच टाकून ठेवते. तुमचं आणि सरांचं एकत्रच करू ना?”

“नको,” ती म्हणाली. “माझं वेगळं.”

“पण मॅडम, वेगळं केलं की तुम्ही पुन्हा अगदी तळाला जाल. चार-चार दिवस नंबर लागत नाही.”

“लागू दे चार दिवस.”

“आणि सर? त्यांना काय सांगू?”

तिने पास पर्समध्ये, फणीशेजारी ठेवला.

“त्यांना काही सांगू नकोस,” ती म्हणाली. “त्यांना नियम पाठ आहेत.”