दूधवाल्याच्या छातीतली जाळी

मित्रांनो, मी एक जाळी आहे. डॉक्टर मला स्टेंट म्हणतात. पेनातल्या स्प्रिंगएवढी मी, आणि राहायला मिळाली ती एका दूधवाल्याच्या हृदयाची रक्तवाहिनी. निवड माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

धातूची बारीकशी नळी चिरून मला घडवलं. तोंडाला फडकी बांधलेल्या बायकांनी मला भिंगाखाली निरखून पाहिलं. किती मान होता तिथे मला! मग एका फुग्यावर आवळून या माणसाच्या मनगटातून मला आत ढकललं. चोंदलेल्या जागी फुगा फुगला, मी ताठ उभी राहिले आणि रक्त वाहू लागलं. घरी आल्यावर हा गिऱ्हाइकांपुढे शर्टाची बटणं उघडून माझी फुशारकी मारायचा. छातीवर दाखवायला काहीही नव्हतं, तरी!

डॉक्टरांनी बजावलं होतं, "रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. नव्या जाळीवर गुठळी धरते." या महाशयांच्या डोक्यात एकच शब्द शिरला. पातळ! जन्मभर कॅनमध्ये नळाचं पाणी ओतणाऱ्याला पातळचा अर्थ पक्का ठाऊक.

"पातळ झालं की कस गेला," तो बायकोला म्हणाला. "माझं रक्त घट्टच बरं." आणि तिची पाठ वळली की गोळी खिडकीबाहेर.

माझ्या अंगाला रक्त चिकटू लागलं. मला त्याची कीव आली नाही, संताप आला. याच्या हट्टापायी माझाही गळा आवळला जात होता. एका सकाळी कॅन उचलताना तो मटकन खाली बसला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या घेता ना?"

"रोज," तो घामाघूम होऊन म्हणाला.

"अहो, आता तरी खरं बोला!" बायको रडत ओरडली. "हे काय दुधात पाणी नाही म्हणून सांगण्यासारखं आहे का?"

तेव्हा कुठे त्याने मान खाली घातली. "नाही घेतल्या."

डॉक्टरांनी गुठळी ओढून काढली आणि मला पुन्हा फुगवून ताठ केलं. थोडक्यात वाचला.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाच्या छातीत माझी एखादी बहीण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू देऊ नका. आम्ही वाट मोकळी ठेवतो, अक्कल देत नाही.

आता बायको समोर उभी राहून त्याला गोळी देते आणि वर पेलाभर दूध, त्याच्याच कॅनमधलं. काल पहिल्याच घोटाला त्याने तोंड वाकडं केलं.

"किती पातळ आहे हे!"

"गिऱ्हाइकं इतकी वर्षं तेच सांगतायत," बायको म्हणाली. "प्या मुकाट्याने."