पार्टीसाठी चहा

आमच्याकडे घर बघायला येणारी माणसं घर बघत नाहीत, हुंगतात. चपला काढता काढताच नाक वर होतं. हॉल केवढा, ओटा कुठे, हे सगळं नंतर. कांजूरमार्गला राहतो म्हटलं की आधी कचऱ्याच्या डंपिंगचं नाव निघतं आणि मग आमचं. म्हणून एजंट नितेशचा फोन आला की मी सगळ्यात आधी गॅसवर पातेलं चढवते.

हा चहा पिण्यासाठी नसतो, निदान सुरुवातीला तरी. अर्धं पातेलं पाणी, त्यात सालीसकट ठेचलेलं आलं, गवती चहा, वेलची, लवंग, दालचिनी आणि वर माझ्या डब्यातला सुंठ-मिरीचा मसाला. दारं-खिडक्या बंद करून ते खळाखळा उकळू द्यायचं. पार्टी लिफ्टमध्ये शिरली असा नितेशने मिस्ड कॉल दिला की मग चहा पावडर आणि दूध. दार उघडताच माणसाच्या नाकात आलं-वेलची गेली पाहिजे, बाहेर काय चाललंय याचा त्याला पत्ता लागता कामा नये. ही फसवणूक आहे हे मला कळतं. पण आम्हालाही हे घर वारा उलटा असताना दाखवलं होतं, तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नव्हतं.

माझे यजमान, लवू सावंत, यांना दमा आहे. परळची खोली विकून इथे आलो तेव्हा नव्हता. आता बोलता बोलता थांबून श्वास गोळा करावा लागतो. डॉक्टर म्हणाले, औषधं मी देतो, पण आधी ही हवा सोडा. आमची मुलगी श्वेता दहिसरला असते, तिच्या घरामागेच एक लहानसा ब्लॉक तिने बघून ठेवलाय. हे घर गेलं की तो घ्यायचा. पण हे घर जात नाही.

ह्यांचं नाक कायम चोंदलेलं, त्यामुळे डंपिंगचा वास कळतो तो मला. तो एकदम येत नाही. आधी नासक्या फळासारखा जरा गोडसर येतो, मग जळक्या प्लास्टिकचा. गोडसर आला की मी उठायचं, सगळ्या खिडक्या लावायच्या, फटीत ओलं फडकं कोंबायचं. तेवढी सवड मिळाली की ह्यांचं निभतं. उशीर झाला की छाती भरलीच. इतकी वर्षं आमचं असं चाललंय. ह्यांचा श्वास माझ्या नाकावर, असं म्हणायला हरकत नाही.

या पावसाळ्यानंतर मात्र ह्यांना जास्तच होऊ लागलं. दोनदा रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं. दोन्ही वेळा वास नव्हता, उलट हवा खेळावी म्हणून मी खिडक्या सताड उघड्या ठेवल्या होत्या. मी डॉक्टरांना तसं सांगितलंसुद्धा, हल्ली वास येतच नाही, मग आजार वाढला कशाने? ते म्हणाले, वय आहे. आणि आणखी एक पंप लिहून दिला.

गेल्या रविवारी नितेशचा फोन आला. "काकू, आजची पार्टी एकदम झकास आहे. दोघं नोकरीवाली, लोन पास झालंय, उगाच फिरवणारी नाय. आज काम होऊन जाईल बघा."

"गेल्या वेळेलाही हेच म्हणाला होतास."

"काकू, तुम्ही चहा टाका ना."

मी टाकला. वाण्याकडची वेलची हल्ली गवतासारखी निघते, म्हणून मूठभर घातली. आलंही वाढवलं. हे आतल्या खोलीत पडून होते. त्यांनी विचारलं, "पार्टी येता काय गो?" मी म्हटलं, "येता. तुमी खोकू नकात." मग माझं मलाच वाईट वाटलं. खोकणं काय त्यांच्या हातात आहे?

आलेली दोघं मला बघताक्षणी आवडली. नवरा सम्यक, बायको संघमित्रा. मूळची जालन्याकडची, सध्या घाटकोपरला भाड्याने राहणारी. मुलगी उगीच नाकं मुरडणारी नव्हती. तिने भिंतीवरून हात फिरवला, नळ सोडून बघितला आणि नवऱ्याला म्हणाली, "इथे बाबांचा पलंग बसेल रे. संडास पण जवळ पडेल त्यांना." बाई एकदा मनात सामान लावायला लागली की घर तिचं झालं समजावं. मीही या घरात तसंच लावलं होतं. कपात चहा ओतताना दहिसरच्या ओट्यावर माझा मिक्सर कुठे ठेवायचा तेही मी ठरवून टाकलं.

संघमित्राने घोट घेतला आणि तिला जोरात ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं.

"मसाला घरचा दिसतोय काकू," असं म्हणून तिने कप हळूच खाली ठेवला. पोरगी गुणी. सम्यकने तर कपाला हातच लावला नाही.

मग मी ते केलं जे पार्टी आली असताना मी कधीच करत नाही. मला एवढा आनंद झाला होता, आणि हवाही इतकी स्वच्छ होती, की म्हटलं, एकदा तरी कुणाला हे घर उजळ माथ्याने दाखवू. मी हॉलची मोठी खिडकी उघडली. तिथून खाडी दिसते. हिवाळ्यात पक्षी येतात तेही दिसतात. "या, बघा तरी," मी म्हटलं, "असा वारा घाटकोपरला मिळायचा नाही."

दोघं दोन पावलं पुढे आली आणि थांबली. संघमित्राने ओढणी नाकाला लावली.

"काकू, खिडकी लावता का?" सम्यक म्हणाला.

"अरे राहू दे की. आज बघ कशी छान हवा आहे."

"हा वास रोज असतो?"

"कसला वास?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. आधी नवलाने, मग रागाने. "काकू, असं तोंडावर खोटं नका ना बोलू. वास असतो हे आम्हाला पण माहितीये, त्याचा विचार करूनच आलो होतो. तुम्ही सरळ सांगितलं असतं तर बोललो असतो पुढे. आमच्या घरात म्हातारा माणूस आहे."

मी भडकले. आजवर डझनभर लोकांना बेमालूम फसवलं, तेव्हा मला सगळे काकू काकू करत गेले. आणि ज्या दिवशी मनापासून खरं बोलले त्या दिवशी खोटारडी ठरले. म्हटलं, "वास नाहीये तर काय आणून दाखवू? तुम्हाला घर घ्यायचं नसेल तर नका घेऊ, उगाच आळ कशाला घेता?" ती दोघं चपला घालून निघून गेली. संघमित्राने जाताना भिंतीकडे एकदा वळून बघितलं. नितेश दारात रेंगाळला होता.

"काकू, वाट लावलीत. एवढा मारतोय आज, लिफ्टमध्येच पकडलं होतं मी नाक. आणि तुम्ही खिडकी उघडलीत?"

तो गेल्यावर मी दार लावलं आणि स्वयंपाकघरात आले. पातेल्यात उरलेल्या चहावर तोंड नेलं. वाफ गरम लागली, बाकी काही नाही. वेलचीचा डबा उघडून नाकाशी धरला. काही नाही. लवंग. काही नाही. हिंगाचा डबा उघडला, आमचा हिंग शेजारच्या घरात कळतो. त्यात मी जवळजवळ नाकच बुडवलं. मग मोरीतलं फिनेल, रॉकेल घातलेली जुनी बाटली. मी वेड्यासारखी एकेक झाकण काढत होते आणि सगळ्या बाटल्यांना पाण्याचा वास होता. म्हणजे तोही नव्हता.

ओट्याला टेकून उभी असताना मला ते दोन दिवस आठवले. खिडक्या सताड. मी पोळ्या लाटत होते आणि आत ह्यांचा श्वास अडकत होता. वास होता. तो भरभरून घरात येत होता आणि मी हवा खेळते आहे म्हणून खूश होते. आजार वाढला नव्हता. मी ह्यांना स्वतःच्या हाताने गुदमरवत होते. मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे भिंत धरत बाहेर आले. पातेल्याकडे बघून म्हणाले, "पार्टीन च्या नाय घेतल्यान? तेंका सवय नाय. माझी आता झाली."

"सवय कसली?"

"तू च्या किती तिखट करतंस ता. घसो सोलून निघता. माका वाटला, माझ्या कफासाठी मुद्दाम करतंस. म्हटला, बायल मायेन करता, पिऊया."

मी त्यांना सांगून टाकलं. इतकी वर्षं इथली हवा हुंगून नाक गेलं, कशाचाच वास येत नाही, कधीपासून ते माहीत नाही. दवाखान्याच्या त्या दोन दिवसांबद्दल बोलायला मात्र माझं तोंड उघडलं नाही. हे खुर्चीत बसले. मग हसायला गेले आणि खोकले.

"झाला. आता दोघांक मिळान एकव नाक नाय." थोडा श्वास जमवून त्यांनी विचारलं, "मगे खिडकेचा काय?"

हॉलची खिडकी अजून उघडीच होती. मी धावत जाऊन लावली. सगळी दारं लावली. घर भट्टीसारखं तापलं, वर मघापासून कोंडलेली वाफ. बंद घरातही ह्यांना धाप लागतेच, तो दुसरा त्रास. ते शर्टाची बटणं सोडून उघड्या तोंडाने श्वास घेऊ लागले. "गो, जरा उघड. जीव घाबरता," म्हणाले.

मी कडीवर हात ठेवला. उघडू की नको, हे मला कळेना. बाहेर हवा आहे की विष, हे सांगणारं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. मग सुचलं, समोरच्या विंगकडे बघावं. वास आला की तिथल्या बायकाही माझ्यासारख्याच धावत खिडक्या लावतात.

मी काचेतून बघितलं. समोर वरपासून खालपर्यंत सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. एक बाई निवांत कपडे वाळत घालत होती. जीव भांड्यात पडला आणि मी कडी ओढली.

तेवढ्यात आठवलं, ती माणसंही इथे आमच्याइतकीच वर्षं राहतायत.