पाठीवरचा लाल डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. विहिरीत पोहायला शिकणारी मुलं मला पाठीला बांधतात. तुम्हाला हसू येईल, पण मला पाण्याची भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते.

माझा जन्म खरं तर गोडेतेलासाठी झाला. पाच किलो तेल पोटात घेऊन मी जयसिंगपूरच्या एका किराणा दुकानात उभा होतो. तिथून गणपतरावांनी मला घरी नेलं. नदीकाठच्या गावात त्यांचा मळा आहे आणि मळ्यात दगडी पायऱ्यांची जुनी विहीर आहे. तेल संपल्यावर त्यांनी मला राखेने घासलं, उन्हात वाळवलं आणि माझ्या तोंडावर चकती ठेवून तिला कथलाचा पक्का डाग देऊन घेतला. माझ्या पोटात आता फक्त हवा होती. दोन्ही अंगांना दोर ओवायला कड्या बसवल्या.

"आता तू बुडायचा न्हाईस," असं म्हणून त्यांनी मला वरूनच विहिरीत टाकलं.

मी आपटलो, उलटलो, गार पाण्यात अर्धा आत गेलो आणि वर आलो. बुडालो नाही. पण खाली पाहिलं तर हिरवं पाणी पुढे काळं होत गेलेलं. तळ कुठे दिसत नव्हता. माझ्यात आणि त्या काळोखात फक्त एक पातळ पत्रा होता.

तेव्हापासून दर वर्षी पाडवा झाला की मला खुंटीवरून काढलं जाई. शाळा सकाळच्या झालेल्या असत. ऊस तुटून रानं मोकळी पडलेली, लिंबाला मोहोर, विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणींची घरटी. ऊन चढलं की मुलं आरडाओरडा करत मळ्यात येत. पोहून दमली की तापलेल्या दगडांवर पालथी पडत आणि कैरीला तिखट-मीठ लावून खात. मग दात आंबले की पुन्हा पाण्यात उड्या. मी हे सगळं पाहत असे आणि मलाही ते आवडत असे. पण कुणी नवं मूल पायरीवर कुडकुडत उभं राहिलं की माझ्या पोटातली हवा गोठून जाई.

गणपतरावांना सगळी मुलं तात्या म्हणतात. दोर बांधता बांधता ते म्हणत, "अरं, भितोस कशाला? डबा हाय की पाठीवर!"

मूल माझ्यावर विश्वास ठेवून उडी मारे. मी मात्र कुणावर विश्वास ठेवणार होतो?

एक गोष्ट चांगली होती. पाडव्याला तात्या मला हौदात दाबून धरत. बुडबुडा येतो का ते बघत, कान लावून ऐकत. मग अंगाला तेल पुसत. तेवढा एक दिवस मी निर्धास्त असे. अशी पन्नासेक मुलं मी तरंगवली. तात्या माझ्या पाठीवर थाप मारून लोकांना सांगत, "ह्यो माझा धाकला भाऊ हाय."

मग महापूर आला. श्रावणात नदी मळ्यात शिरली, खोपीचं छप्पर गेलं आणि मी खुंटीसकट वाहून गेलो. तीन आठवड्यांनी मी एका बाभळीच्या फांदीत अडकलेला सापडलो. अंगावर चिखल वाळला होता. मला धुतलं, पण खालच्या कडेच्या शिवणीत चिखलाचं पाणी राहिलं होतं. तिथून गंज लागायला सुरुवात झाली. पुढची काही वर्षं तात्यांना तो दिसत होता. ते तिथे दर वर्षी घासून तेल लावत आणि मी तग धरून होतो.

त्याच महापुरात गावातल्या मल्लव्वा आपल्या चार वर्षांच्या नातीला कडेवर घेऊन घराच्या माळ्यावर बसल्या होत्या. पाणी जिन्याची एक एक फळी वर चढत होतं. दोघींनाही पोहता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाव आली आणि त्या वाचल्या. पण मल्लव्वांना तेव्हापासून बादलीत पाणी पडल्याचा आवाज झाला तरी दचकायला होई.

ती नात म्हणजे पवित्रा. यंदा तिला अकरावं लागलं. चैत्रात एका सकाळी मल्लव्वा तिचा हात धरून मळ्यात आल्या.

"गणपतराव, हिला शिकवा," त्या म्हणाल्या. "मला पाणी बघवत न्हाय. पण हिला आलंच पायजे."

"अक्का, आठ दिवसांत मासा करतो की हिला," तात्या म्हणाले.

यंदा तात्यांची घाई होती. उन्हाळी भुईमूग पाण्याला आला होता आणि लाईट कधी येई, कधी जाई. पाडव्याला मला हौदात दाबायचं राहून गेलं. त्याऐवजी त्यांनी लाल रंगाचा एक हात मारला. दिसायला मी नवाकोरा झालो. पवित्रा तर मला पाहून खूश झाली. "अज्जी, लाल डबा!" ती म्हणाली.

मित्रांनो, त्या रंगाखाली माझी शिवण सालपटासारखी झाली होती. हे फक्त मला ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. जे होतं ते डाग देऊन बंद केलेलं.

पहिले तीन दिवस तात्यांनी पवित्राच्या कमरेला वेगळा दोरही बांधला. त्याचं दुसरं टोक मल्लव्वांच्या हातात असे. वरच्या पायरीवर बसून त्या तो दोर दोन्ही मुठींत आवळून धरत, डोळे निम्मे मिटून. तात्या पाण्यात उतरून पवित्राला हातपाय मारायला शिकवत. तिला त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. मला बांधलेली गाठ सुरगाठ होती. पोटावर लोंबणारं टोक ओढलं की ती लगेच सुटे. "ध्येनात ठेव, ही शेपटी हाय," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी ते म्हणाले, "आता दोर नको, अक्का. डबा बास झाला."

मल्लव्वांनी दोराची गुंडाळी मांडीवर ठेवली.

पवित्राने पायरीवरून उडी मारली. उडी तिरकी गेली आणि माझी खालची कड दगडावर खरकन् घासली. रंगाचा पापुद्रा उडाला. आणि मित्रांनो, ज्याची मी इतकी वर्षं वाट पाहत होतो ते झालं. पाणी आत आलं.

सुरुवातीला गार सुईसारखं. मग शिवण उलली.

तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, "तात्या, लाईट आली!"

तात्या पायऱ्या चढून गेले. "आलोच, मोटर चालू करून," ते म्हणाले. पवित्रा छान हात मारत विहिरीच्या मधोमध गेली होती. तिला काही कळलं नव्हतं. माझ्या आत पाणी चढत होतं आणि माझी हवा बुडबुडत बाहेर पळत होती. मी ओरडायचा प्रयत्न केला. बुड बुड बुड, एवढाच माझा आवाज.

मोटर सुरू झाली. तिच्या घरघरीत तोही बुडाला.

पण मल्लव्वांनी तो ऐकला होता. माळ्यावर बसून रात्रभर ज्यांनी पाण्याचा आवाज ऐकलाय त्यांना तो कळतो. त्या उठून उभ्या राहिल्या.

"गणपतराव! ओ गणपतराव!"

मोटरीपुढे कुणाला ऐकू जाणार? पवित्राचा हात चुकला. हनुवटी पाण्याखाली गेली, वर आली, पुन्हा गेली. तिला वर धरणारा मी, आता तिला मागे ओढत होतो. तिची बोटं माझ्या कडीवर घट्ट आवळलेली होती. ती मलाच धरून वाचू पाहत होती. आयुष्यात मला इतकी लाज आणि इतकी भीती कधी वाटली नव्हती.

मांडीवरून घसरलेला तो दोर उचलून मल्लव्वा पायऱ्या उतरल्या. एक, दोन, तीन. पाणी घोट्याला लागलं. तरी उतरल्या. कमरेइतक्या पाण्यात आल्यावर डाव्या हाताने त्यांनी मोटरीचा लोखंडी पाईप धरला, उजव्या हाताने दोर फेकला. दोर हातभर अलीकडे पडला.

"अज्जी..." पवित्राच्या तोंडात पाणी गेलं.

घाबरल्यावर मल्लव्वांच्या तोंडात कानडी येते. "बिडु, पवी! बिडु! डबा सोड! शेपटी ओढ!"

ती सोडेना. तिला वाटत होतं, डबा सोडला की संपलं.

"त्यो डबाच बुडवतोय तुला! ओढ शेपटी! मी हाय की हितं!"

पवित्राने डोळे मिटले आणि टोक ओढलं.

गाठ सुटली. मी तिच्या पाठीवरून घसरलो. खाली जाताना मी वर पाहत होतो. तिचे पाय एकदा वेडेवाकडे हलले, दोनदा हलले, मग तात्यांनी शिकवले होते तसे हलू लागले. तीन हात, चार हात. मग मल्लव्वांच्या लुगड्याच्या रंगाचं काहीतरी पाण्यात पसरलेलं दिसलं आणि ते छोटे पाय त्यात शिरले. त्यानंतर मला काही दिसलं नाही. मी काळ्या पाण्यात होतो.

मी बरेच दिवस तळाशी होतो. ज्या जागेची जन्मभर भीती वाटली, तिथे गाळात पडून मी एकच विचार करत होतो: ती पायरीवर पोचली का? ते सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

वैशाखात पाणी आटलं आणि मला गळ टाकून वर काढण्यात आलं. गळ टाकणारे तात्या होते. मागे मल्लव्वा होत्या आणि शेजारी पवित्रा उभी होती, कैरी खात. तिला पाहून माझ्या भोकातून सगळं पाणी एकदम बाहेर आलं.

तात्यांनी त्या भोकात बोट घातलं. बोट आरपार गेलं.

"माझ्याच हातनं झालं ह्ये," ते म्हणाले. "रंग दिला आन् बघायचं राहिलं. अक्का, मी आता न्हाय कुणाला शिकवणार."

मल्लव्वा त्यांच्यावर चांगल्याच खेकसल्या. "चुकलंय तुमचं, व्हय. पण शिकवायचं बंद केलासा तर पुढच्या पुराला काय करायचं पोरींनी? डबं तपासा. आन् पोरगं पाण्यात आसताना मोटरीकडं बघायचं न्हाय!"

आता मी विहिरीच्या काठच्या बाभळीला टांगलेला आहे. माझ्यातून पाणी गळतं, म्हणून मी कामाचा नाही. नवं मूल आलं की तात्या त्याला आधी माझ्यापाशी आणतात आणि भोकात बोट घालायला लावतात. मग नवे डबे त्याच्यादेखत हौदात दाबून दाखवतात.

मित्रांनो, चैत्रात विहिरीवर जरूर जा. उड्या मारा, उन्हात लोळा, कैऱ्या खा. पण ज्याच्या भरवशावर पाण्यात उतरणार, त्याला आधी उलटून पालटून बघा. आम्हा वस्तूंना तोंड नसतं. आम्ही थकलो की सांगू शकत नाही. आणि काठावर एक तरी माणूस असा ठेवा, जो दुसरीकडे बघणार नाही.

माझी भीती मात्र गेलेली नाही. कुणी उडी मारली की मी अजूनही डोकं वर येईपर्यंत वाट पाहतो. आत्ताच कुणीतरी पायरी सोडली. पाण्यावर नुसती वर्तुळं आहेत. एक. दोन. तीन. पवित्रा काठावर वाकून बघतेय, तिनेही श्वास धरलाय. चार...

आलं वर. पांढरे केस, मिटलेले डोळे, आणि पाठीवर नवा डबा.

"अज्जी, हात मार!" पवित्रा ओरडली. "हात मार की!"