अर्ध्या वाट्याचा संगणक

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर कोणत्याही मोठ्या कंपनीचे नाव नाही, कारण मी कारखान्यात जन्मलो नाही. मद्रासच्या एका गल्लीत, एका अरुंद दुकानात, चार ठिकाणचे सुटे भाग जोडून मला उभे केले. ते साल १९९७. तेव्हा नावाजलेला संगणक साठ हजारांच्या पुढे मिळे. मी चाळीस हजारांत मिळालो.

तेवढेही एका घराला झेपणारे नव्हते. म्हणून तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहणाऱ्या दोन चुलत भावांनी मला अर्ध्या अर्ध्या वाट्याने घेतले. थोरले भरद्वाज विम्याच्या कचेरीत मोठे अधिकारी होते. धाकटे तुकोजी शाळेत कारकून. भरद्वाजांनी आपला वाटा चेक फाडून दिला. तुकोजींनी स्कूटर विकली आणि ते सायकलवर शाळेला जाऊ लागले.

तुकोजींचे कुटुंब भरद्वाजांच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत, नावापुरत्या भाड्यावर राहत असे. तिथे ओल होती. त्यामुळे मला पुढच्या दिवाणखान्यात ठेवायचे ठरले. दोन्ही घरची मुले एकाच कॉलेजात, संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. भरद्वाजांचा साईराम सकाळी बसेल, तुकोजींची विनुता संध्याकाळी पाच ते सात बसेल, असा करार झाला.

माझ्या पुढच्या अंगाला एक छोटे कुलूप होते. ते लावले की कळफलक मुका होई. त्याची किल्ली भरद्वाजांच्या पत्नीने, वसुमतीकाकूंनी, आपल्या मंगळसूत्राला अडकवली.

पाच वाजता विनुता यायची. काकू म्हणायच्या, "येवढे सांबार कांदे सोल, मग बैस." कांदे झाले की इडलीचे पीठ. पीठ झाले की झोपाळ्याच्या पितळी कड्या चिंचेने घासणे. किल्ली फिरेपर्यंत सहा वाजून जात. साडेसहाला काकू देवाजवळ दिवा लावत आणि सगळेच बंद करायला सांगत, "अस्कं बंद कर अत्ता. यंत्र तापतं."

साईराम सकाळचे तीन तास मोटारींचे खेळ खेळे. तेव्हा मी तापत नसे.

एकदा विनुता म्हणाली, "काकू, माझा वाटा दोन तासांचा आहे."

काकूंनी शांतपणे उत्तर दिले, "वाटा तुज्या अप्पाचा. घर कोणाचं?"

तरीही त्या अर्ध्या-अर्ध्या तासांतून तिने पाच महिन्यांत एक प्रोग्रॅम लिहिला. दोन गावांची नावे टाकली की कोणती टाऊन बस, कुठे बदलायची, किती वाजता, सगळे पडद्यावर येई. तिरुवैयारुच्या बसच्या वेळा तिने स्वतः स्टँडवर उभे राहून टिपल्या होत्या. परीक्षेच्या वेळी मद्रासची एक कंपनी येणार होती आणि प्रकल्प बघून वर्गातल्या एकाला नोकरी देणार होती. ती नोकरी मिळाली तर अप्पांना नवी स्कूटर घ्यायची, असे ती मला पुसता पुसता पुटपुटे. तिला फ्लॉपी घरी न्यायची परवानगी नव्हती. काकू म्हणत, त्याने रोग पसरतो. तिची फ्लॉपीही माझ्याच टेबलाच्या खणात राही.

प्रकल्प द्यायला आठवडा उरला असताना एका सकाळी साईराम माझ्यासमोर बसला. त्याने विनुताचा प्रोग्रॅम उघडला. वर तिचे नाव होते, ते खोडून स्वतःचे लिहिले. आपल्या फ्लॉपीवर उतरवून घेतला. मग तिची फाईल पुसली आणि खणातली फ्लॉपीही कोरी केली. मित्रांनो, हे सारे माझ्याच हातून झाले. 'खरोखर पुसू का?' असे मी विचारले. तो 'होय' म्हणाला. याहून अधिक विचारायला मला कोणी शिकवले नव्हते.

संध्याकाळी विनुताने मला तीनदा बंद करून सुरू केले. मग ती तशीच भरद्वाजांपुढे उभी राहिली.

"काका, माझं काम साईरामनं पुसलं."

"मुलांची भांडणं माझ्याजवळ आणू होणा," वर्तमानपत्र खाली न करता ते म्हणाले. नको म्हणायला या घरात 'होणा' म्हणतात.

"मग आमचे वीस हजार परत द्या."

आता वर्तमानपत्र खाली आले. "वीस? बाजारात चौकशी कर. आज याचे कोणी पंधरासुद्धा देणार नाही. अर्धं यंत्र पाहिजे तर घेऊन जा."

तिने खरोखरच माझ्या तारा सोडवल्या. काकूंनी मॉनिटरवर हात ठेवला. "हे टीव्हीसारखं दिसतं. हे इथंच राहील." अशा रीतीने माझा पेटारा आणि कळफलक मागच्या ओल्या खोलीत आले आणि माझा चेहरा पुढे राहिला.

त्या खोलीत विनुताने जे केले ते मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिले नाही. पडदा नसताना तिने सगळा प्रोग्रॅम आठवणीतून पुन्हा लिहिला. मी सुरू होताना एकदा पिपाणी वाजवतो. ती ऐकून, मी तयार होईपर्यंत विनुता मनात आकडे मोजी आणि आंधळेपणाने ओळीमागून ओळ टंकत जाई. तिची आई अंबा बाजूला बसून बसच्या वेळा वाचून दाखवी. सहा दिवस हे चालले. परीक्षेच्या तोंडावर दुपारी कॉलेजात तासभर यंत्र मिळू लागले होते; लिहिलेले फ्लॉपीवर नेऊन तिथे ती चुका दुरुस्त करी. शेवटच्या दिवशी तिने प्रकल्प दिला.

दुसऱ्या दिवशी प्रकल्प तपासणाऱ्या शेषाद्री सरांनी तिला बोलावले. त्यांच्या टेबलावर दोन प्रकल्प होते. साईरामचा आठवडाभर आधी आलेला. ओळीला ओळ तीच.

सर वाईट नव्हते. त्यांनी दोघांच्या वडिलांना बोलावून विचारले, "यंत्र तुमचं दोघांचं. तुम्हीच सांगा, काम कोणाचं?"

भरद्वाजांनी फक्त तुकोजींकडे पाहिले.

तुकोजी म्हणाले, "दादांच्या मुलाचं असेल, सर."

हे मला त्या संध्याकाळी कळले. ओल्या खोलीत विनुता वडिलांना विचारत होती, "अप्पा, तुम्हाला खरं ठाऊक होतं ना?"

"होतं."

"मग?"

"खोली सोडा म्हणाले असते, तर या पगारात मी तुम्हाला घेऊन कुठं गेलो असतो?" तुकोजी म्हणाले. आणि पुढे, "तू हुशार आहेस. तुला पुन्हा काही तरी मिळेल."

अंबाने पान वाढले. विनुता जेवली नाही. तिने माझी वायर काढली, गुंडाळली आणि ती पुन्हा कधीच माझ्यासमोर बसली नाही.

साईराम त्या नोकरीवर मद्रासला गेला. विनुताला प्रकल्पात शून्य मिळाले आणि चोरीचा शिक्का बसला. आज ती नव्या बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पानाला आठ रुपयांनी इतरांचे प्रकल्प टंकते. पहिल्या पानावर रोज नवे नाव घालते. काकू तिला रस्त्यात भेटल्या की विचारतात, "का ग, पुढल्या घरी येत नाहीस?"

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आमची काळजी घ्या. मी तसे सांगणार नाही. माझ्यासाठी कापडी झबले शिवले होते, स्टॅबिलायझर आणला होता, मला तापू दिले नाही. संगणक घ्याल तेव्हा पैसे जरूर वाचवा; सुटे भाग जोडून घ्या, वाट्याने घ्या. पण तो ठेवाल कुणाच्या घरी आणि किल्ली कुणाच्या गळ्यात, हे घेण्याआधी ठरवा. आणि त्याच्यासमोर बसून कोणी काही लिहीत असेल, तर तिच्याकडून कांदे सोलून घेऊ नका.