ओली परात

परात

ओली होती. चूक तेवढीच.

बहात्तरच्या दुष्काळात पारनेरकडच्या त्या गावात कुणाकडे भांडं ओलं सापडत नसे. दिवसाला घरटी दोन हंडे पाणी. भांडी चुलीतल्या राखेनं कोरडी घासायची, फडक्यानं पुसायची, पालथी घालायची.

तवा, तांब्या, ताटल्या

घासायची लंकाबाई. मोतीबिंदूनं एकेक काम तिच्या हातातून काढून घेतलं होतं. आधी निवडणं, मग सुई, मग चूल. राहिली भांडी. मुलगा मच्छिंद्र म्हणायचा, आता तेही सोड, निवांत बस. निवांत बसणं तिनं शेजारच्या भीमाबाईचं पाहिलं होतं. भिंतीला पाठ, आणि हातात भाकरी येईपर्यंत वाट.

पुन्हा परात

चांगुणा, तिची सून, दुष्काळी कामावर खडी फोडून संध्याकाळी घरी यायची. परातीच्या काठाच्या वळीत मिलोचं, रेशनवरच्या परदेशी ज्वारीचं, लाल पीठ वाळून बसलेलं असायचं. मच्छिंद्रच्या नजरेला पडलं असतं तर सासूची भांडी त्याच दिवशी बंद. म्हणून ती परसात जाऊन आपल्या पिण्यातलं गडूभर पाणी घालायची, पीठ भिजवून काढायची, पुसून परात जागेवर ठेवायची.

त्या दिवशी मच्छिंद्र लवकर आला. पुसायचं राहिलं.

भाकरीच्या वेळी परात काढून द्यायला लंकाबाई उठली. तिचा तळवा परातीवरून फिरला आणि थांबला. मच्छिंद्र ओट्यावर तंबाखू मळत होता. ती हलक्या आवाजात म्हणाली,

"किती दिस चाललंय?"

"काय, आत्याबाई?"

"परात वली हाय."

चांगुणा चुलीत काटक्या सारत राहिली. मग म्हणाली, "दिवाळीपासनं."

"आन् पानी?"

"माज्या पिन्यातलं."

बाहेरून मच्छिंद्रनं विचारलं, काय चाललंय. चांगुणानं सांगितलं, काही नाही, परात सापडत नव्हती.

लंकाबाई तिच्याजवळ टेकली.

"तू नवी आल्तीस, तवा तू घासल्याली समदी भांडी मी तुज्या माघारी पुन्यांदा घासायची. वरीसभर. तुला कळलंबी न्हाई."

"कळत हुतं की. तुमी भितीला लावून पालथी घालता. मी मधी ठिवायची."

"मग बोलली न्हाईस?"

"तुमी तरी कुटं बोलला?"

चूल पेटली. लंकाबाईनं परात मांडीवर घेतली, बोट पुढं केलं.

"दाव. कुटं ऱ्हातं?"

चांगुणानं ते बोट धरून काठाच्या वळीत टेकवलं. "हितं."

"याला पानी कशाला? नख हाय की."

परात, दुसऱ्या दिवशी

कोरडी. भिंतीला लावून पालथी. वळ एका बाजूनं नको तितकी लख्ख, दुसऱ्या बाजूला बाजरीएवढा लाल कण.

चांगुणानं तो नखानं काढला. परात होती तशी भिंतीला लावली, आणि गडूतलं पाणी उभ्यानंच पिऊन टाकलं.