लॉन्ड्रीतलं पांढरं पान

मावशीच्या लॉन्ड्रीत मी फुकट वायफाय लावलं आणि ते फक्त आम्हा दोघांच्या फोनवर चाललं.

आमचं चालणारच होतं. टेस्टिंगसाठी आमचे फोन मी आधीच पास करून ठेवले होते, मधलं पान न लागता थेट इंटरनेटवर. गोंधळ गिऱ्हाइकांचा होता. सिग्नलच्या दांड्या फुल, आणि पुढे नुसतं पांढरं पान. तिथे खरं तर लॉन्ड्रीचं नाव आणि एक बटण दिसायला हवं. बटण दाबलं की इंटरनेट सुरू. एवढंच.

आणि दुपारी मार्केटचे अध्यक्ष बघायला येणार होते. चाललं तर अख्ख्या मार्केटमध्ये वायफाय लावायचं काम मला, नाहीतर एका कंपनीला. माझ्याकडे ना डिग्री ना ऑफिस. एक जुना राउटर, त्यात ओपन सोर्स सॉफ्टवेअर, म्हणजे लोकांनी लिहून सगळ्यांसाठी मोकळं सोडलेलं, आणि व्हिडिओ बघून बघून जेवढं डोक्यात शिरलं तेवढं.

राउटर बंद करून चालू केला. वायर बदलली. ड्रायरमुळे अडत असेल म्हणून मावशीला ड्रायर बंद करायला लावला. काही फरक नाही. मावशी म्हणाली की आता ओल्या चादरी तुझ्याच अंगावर वाळत घालते.

एवढ्यात अध्यक्ष आले. फोन जोडला. पांढरं पान. त्यांनी चष्मा पुसून परत बघितलं, जसं काही चूक चष्म्याची होती.

तेवढ्यात कोपऱ्यातून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकू आली. कपड्यांची वाट बघत बसलेले एक आजोबा मजेत मॅच बघत होते. इंटरनेटवर. आमच्या!

मी धावलोच. "आजोबा, काय केलंत?"

"काही नाही रे बाळा. डुलकी लागली. उठलो तर बटण आलेलं, दाबलं."

डुलकी? मी परत एकदा फोन जोडायला लावला एका बाईंना, आणि म्हटलं, हात लावू नका. सगळे वाकून बघत बसलो. बऱ्याच वेळाने पान उगवलं. पण मी हौसेने घातलेली वळणदार अक्षरं गायब, साधीच दिसत होती.

आणि मग पेटली ट्यूब. ती अक्षरं मी इंटरनेटवरच्या एका साइटवरून मागवत होतो. बटण दाबल्याशिवाय बाहेर जाता येत नाही, आणि बटण दिसायला आधी बाहेरून अक्षरं यायला हवीत. पान बिचारं वाट बघून बघून कंटाळलं की मग साध्या अक्षरांत उघडत होतं. तेवढा धीर फक्त झोपलेल्या माणसाला.

अक्षरं मागवणारी ती एक ओळ उडवली. अध्यक्षांच्या फोनवर पान फटकन आलं.

"कंपनीने दाखवलेलं पान दिसायला बरं होतं," ते म्हणाले.

"हो."

"उद्या परत असं काही झालं आणि तुला कळलंच नाही तर?"

"तर कळेपर्यंत इथे बसेन."

त्यांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, मागच्या गल्लीपासून सुरू कर, शिडी वॉचमनकडून घे. आणि गेले.

मावशीने ड्रायर चालू केला. "मिळालं का रे काम?"

"बहुतेक," मी म्हटलं. मग शिडी मागायला गेलो.