चौकाआधीची पायवाट

रस्ता कुठून न्यायचा हे माणसांच्या पायांना विचारावं, असं माझं ठाम मत आहे. लोक गवत तुडवून जिथून जातात तिथेच फरशी घाला. दुसरीकडे घातलीत तर ते तुमच्या नाकावर टिच्चून गवतातूनच जातील. या मतापायी नगररचना कार्यालयात मला सगळे ‘पायवाटबाई’ म्हणतात. म्हणोत बापडे. ते गार खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकतात, मी निदान बूट चढवून चिखलात उतरते.

आमचं गाव गेल्या काही वर्षांत वेड्यासारखं वाढलं. काल जिथे बेडूक ओरडत होते तिथे आज इमारती आहेत, आणि त्यातल्याच एकीत आई आणि मी राहतो. फाटकासमोर मोकळा माळ, आणि माळापलीकडच्या वसाहतीत मावशी, म्हणजे आईची पाठची बहीण. मधे नुसता चिखल आणि काटे, त्यामुळे तिच्याकडे जायचं तर मोटारीने भलामोठा वळसा. त्या माळावर चार रस्ते एकत्र आणून चौक करायचा होता आणि आराखडा माझ्या टेबलावर आला होता. आईला कोण आनंद झाला!

“रस्ता झाला की माझी मी जाईन तिच्याकडे. तुझ्या मोटारीची मिनतवारी नको,” ती म्हणाली. ती चार टोकांची काठी टेकत चालते, आणि तिचा हट्ट त्या काठीपेक्षा भक्कम आहे.

पहिला आराखडा काढून झाल्यावर मी सकाळी माळावर गेले. पोचल्या पोचल्या एक खिळा डाव्या बुटाच्या पुढच्या भागात घुसला आणि तळव्याचं रबर आडवं चिरलं. चरफडत तो उपटला, मान वर केली, तर गवतात वाटा पडलेल्या. मी कागदावर जिथे पदपथ काढले होते, बरोबर तिथे. बसथांबा दाखवला होता तिथलं गवत एका ओळीत दबलेलं. आराखडा तोवर माझ्या संगणकाबाहेरही गेला नव्हता.

मी मोजणीदाराला बोलावून घेतलं. तो दुर्बिणीशिवाय कधी दिसत नाही, म्हणून आम्ही त्यालाच दुर्बीण म्हणतो.

“शेळ्या असतील, बाई.”

“शेळ्या बससाठी रांग लावतात का?”

तो हसला नाही. त्याने तिवई आवरली आणि काढता पाय घेतला.

मी चिवट बाई. दुपारी थांबा कागदावर जरा पुढे सरकवला. दुसऱ्या सकाळी गवत नव्या जागी दबलेलं होतं आणि जुन्या जागचं ताठ उभं होतं, जणू तिथे कधी कुणी पाय ठेवलाच नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. पण खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी बरंही वाटलं. मी जन्मभर पायांना विचारत आले होते आणि आता ते आधीच सांगून ठेवत होते.

मग आमच्या फाटकातून निघालेली वाट दिसली. अरुंद होती, पावलं जवळजवळ पडलेली, आणि कडेने चार-चार भोकं. काठीची. ती वाट कागदावरच्या झेब्रा पट्ट्यांच्या जागी रस्त्यात उतरत होती आणि मधोमध, गाड्या भरधाव येणार त्या लेनमध्ये, संपत होती. पुढचं गवत हिरवंगार, न तुडवलेलं.

मी धापा टाकत घरी आले. “आई, तू माळावर गेली होतीस?”

“मी? फाटकापुढे पाऊल टाकू देतेस का तू मला!”

तिच्या चपला दारात होत्या, कोरड्या ठणठणीत.

माझ्या पाचावर धारण बसली. पट्ट्या इकडे सरकवल्या, तिकडे सरकवल्या. वाटही मुकाट्याने सरकायची आणि पुन्हा मधेच संपायची. रस्त्याच्या मधे थांबायला बेट मागितलं, तर आमचे साहेब जागा सोडायला तयार नाहीत. एका सकाळी आई काठी टेकत स्वयंपाकघराकडे चालली होती. मी तिच्याकडे बघत राहिले आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा किती वेळ ठेवायचा हे आम्ही नियमपुस्तकातल्या चालीवरून ठरवतो. ती चाल धडधाकट माणसाची. आम्ही सगळेच डोळे झाकून तो आकडा भरतो, आणि पायांना विचारणाऱ्या या शहाणीनेही तोच भरला होता. वाट संपत होती तिथे आईचा दिवा लाल होत होता.

मी आईची चाल भरली. दुसऱ्या सकाळी वाट सरळ रस्त्यापार जाऊन मावशीच्या वसाहतीला टेकली होती. मी तिथेच चिखलात उभी राहून रडले.

साहेबांनी आराखडा उलटसुलट बघितला. “मॅडम, एका म्हातारीसाठी सगळ्या गावाच्या गाड्या थांबवायच्या?”

“हो.”

“बरं. ठेवून जा.”

साहेब इतक्या लवकर ‘बरं’ म्हणाले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. खोदकामाची यंत्रं यायच्या आदल्या सकाळी पाहते, तर वाट पुन्हा मधोमध संपलेली. मी तडक त्यांच्या खोलीत शिरले.

“दिव्याचा वेळ कमी केलात तुम्ही.”

त्यांचं पेन थांबलं. “कुणी सांगितलं? फाईल अजून माझ्या टेबलावरून हललेली नाही.”

“गवताने.”

त्यांनी माझ्याकडे डोकं फिरलेल्या माणसाकडे बघतात तसं बघितलं. “थोडी सुट्टी घ्या, मॅडम. वरून तोंडी मंजुरी झाली आहे. आता काही बदलायचं नाही.”

“साहेब, ती म्हातारी माझी आई आहे.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, “मग त्यांना एकटं सोडू नका.”

नाहीच सोडणार, हे मी वाटभर स्वतःला बजावत राहिले. कडी लावीन, नोकरी सोडीन, वाटेल ते करीन. ऊन उतरल्यावर आईला फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसवलं आणि गवताचं शेवटचं दर्शन घ्यायला माळावर गेले. आईच्या वाटेशेजारी आता दुसरी वाट होती. फाटकातूनच निघालेली, लांब लांब ढांगांची. ओल्या मातीत टाचा टेकलेल्याच नव्हत्या, नुसते चवडे उमटले होते, जीव खाऊन पळणाऱ्या माणसाचे. डाव्या चवड्यावर आडवी चीर होती. दोन्ही वाटा एकाच जागी संपत होत्या.

मी त्या शेवटच्या ठशावर डावा पाय ठेवला. तंतोतंत बसला.

मागून, फाटकाकडून, आईची हाक आली. हसत होती ती. “अगं, अशी पळतेस काय? येते ना मी हळूहळू!”

मी वळून पाहिलं. आई कट्ट्यावरून उठली होती आणि काठी टेकत माळात उतरत होती. तिचे डोळे माझ्यावर नव्हते. माझ्या आणि फाटकाच्या मधे कुणीतरी धावत असावं तसे ते सरकत होते.

मी मघापासून एका जागी उभी होते.